वाऱ्याला मांडलेला पाट

छापखानेवाल्यानं पडद्यावर पत्रिका मोठी केली आणि विचारलं, "ताई, वडलांच्या नावाआधी श्री. टाकू की कै.?"

मनुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. शेजारी तिची लेक भाविका उभी होती. लग्न तिचंच, कोपरच्या मुलाशी, पंधरा दिवसांवर आलेलं. ती भिंतीवरचे गणपतीचे नमुने बघायला लागली.

"काय पन नको," मनुबाई म्हणाली. "नुसतं गोमाजी टाक."

"असं नसतं हो. बघणारे म्हणतील, छापणारा विसरला."

"म्हनू दे. तुझा विसर, माझी आठवन. टाक."

गोमाजी तिचा नवरा. सोळा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला जे वादळ किनाऱ्यावर आलं, कागदोपत्री ज्याचं नाव फयान, त्यात तो राहिला. राहिला म्हणजे सापडला नाही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गेलेला आणि न सापडलेला ही दोन वेगळी माणसं असतात.

त्या वेळी दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले. श्रावणात नारळ वाहिला की दर्या माणसाळतो, आणि दिवाळीनंतर तर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपावं असा होतो. कार्तिकातला दर्या म्हणजे धार काढून झालेली गाय, असं गोमाजी म्हणायचा. त्याचं चुकलं ते एवढंच. पण ती चूक शहाणी होती, बापजाद्यांनी शिकवलेली, वर्षानुवर्षं खरी ठरलेली. म्हणून तर तो उरलेल्या चकल्यांचा डबा घेऊन अर्नाळ्याच्या मावसभावाच्या बोटीवर गेला. धाकटा भाऊ दर्शन सोबत होता. बोटीवर माणसं पाच. वादळानंतर चौथ्या दिवशी घरी आली चार.

मनुबाईनं तेव्हापासून दोन्ही हातांत काचेची एकेक हिरवी बांगडी ठेवली. भरला चुडा नाही, मोकळा हातही नाही. सातव्या वर्षी सरकारी कागद आला, तिनं त्यावर सही केली. पण कागदाला सांगितलं ते तिनं दर्याला सांगितलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

पत्रिका तशी छापून झाली. खरी अडचण आवडाबाईनं आणली.

आवडाबाई कोळीवाड्याची धवलारीण. कोळ्यांच्या घरी भटजीच्या आधी धवलारीण लागते. तिच्या गाण्यावर हळद चढते, तिच्या गाण्यावर मांडव उभा राहतो. आणि हळदीच्या दिवशी गाण्यातूनच ती आवतणं धाडते, आधी देवांना, मग गावदेवीला, मग घरच्या पितरांना, मग जित्या सोयऱ्यांना. एकेकाचं नाव घेऊन. ऐंशीच्या पुढची बाई, पण नावांच्या बाबतीत पोलीस चौकीपेक्षा कडक.

ती नावं विचारायला आली, चहात बटर बुडवून खाल्लं, आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "माज्या गल्यात दोन पंगती हायेत, मनू. एक मेल्यांची, एक जित्यांची. गोमाजीला कनच्या पंगतीला बसवू?"

"कनच्याच नको."

"मंग तो मांडवाच्या भाईर उभा ऱ्हाईल. आवतान चुकलेला मानूस आत नाय येत. तुला ठावं नाय?"

"ठावं हाय."

"पोरीचा बापूस भाईर उभा, आनि पोर आत हलद लावून घेतंय. चालंल तुना?"

उत्तर भाविकानं दिलं, आतून, केस विंचरता विंचरता. "मला नाही चालणार. मला बाबा मांडवात पाहिजेत. आई, मी नऊ वर्षांची होते गं. तू ठरव ना कुठं ते, पण आत पाहिजेत."

"मेल्यांच्यात बसवलं का मी त्याला मारला. जित्यांच्यात बसवलं का लोक म्हनतील, हिचं डोकं फिरलं."

"लोक तसंही म्हणतातच की."

"अगं भवाने," मनुबाई म्हणाली, पण त्या शिवीत जोर नव्हता.

आवडाबाई उठली. "हलदीच्या दिवशी सकालपर्यंत सांग. तवर मी काय गात नाय, काय मोडत नाय."

त्या बुधवारी मनुबाई पाटी घेऊन नेहमीसारखी वर्तकनगरला गेली. कॉलनीच्या कोपऱ्यावर तिची जागा ठरलेली, एकवीस वर्षांची. तिथलं पहिलं गिऱ्हाईक स्वानंद प्रधान. हवामान खात्यात नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पापलेट घेताना आधी आभाळाकडे बघायचे, मग कल्ल्याकडे. मनुबाई त्यांना भाऊ म्हणायची.

तिनं ओला हात पदराला पुसला आणि पत्रिका पुढे केली. "यायचं हां भाऊ. हलदीला पन. शाकाहारी नाय हो आमची हलद."

"मग तर नक्की येतो," ते हसले. पत्रिका वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. विचारलं मात्र काही नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणूनच तिनं सांगितलं. दोन पंगती, एक माणूस, आणि हळदीची सकाळ.

स्वानंदरावांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मनुबाई, तुम्हाला आठवतं? वादळाच्या आदल्या दिवशी मी इथंच उभा होतो. तुम्हाला म्हणालो, उद्या वादळी पाऊस आहे, अंगणात सुकं घातलं असेल तर आत घ्या."

"आठवतं. मी त्या दुपारीच गेले नि समदा म्हावरा आत घेतला."

"तुम्ही मला विचारलंत, बोट बाहेर आहे भाऊ, येतील ना? आणि मी आभाळाकडे बघत बसलो. किनाऱ्यावर धोक्याचे बावटे चढले होते, रेडिओवर सांगणं चालू होतं, पण बोट तर चार दिवसांपूर्वीच गेलेली. माणूस दर्यात, आणि मी तुम्हाला सांगत होतो काय, तर बोंबील आत घ्या."

"तुमी सांगितलंत तेवडं तरी," मनुबाई म्हणाली. "दुसरं कोन सांगायला आलेलं?"

त्यांना ते लागलं की बरं वाटलं, तिला कळलं नाही. ते एकदम म्हणाले, "तुमच्या कोळीवाड्यात मीराबाई होत्या ना? गाणाऱ्या?"

"आवडाबाईची गुरुमाय. कवाच गेली ती."

"थांबा इथंच. पापलेट धरा. आलोच."

ते जिना चढून गेले आणि धापा टाकत उतरले ते एक जाड वही घेऊन. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'अवेळची वादळं'. पावसाळा सरल्यावर किनाऱ्यावर आलेल्या वादळांची ती त्यांची स्वतःची नोंद होती. ऑफिसची नव्हे, हौसेची. कुठल्या वर्षी, किती वाजता, वारा कुठून कुठे फिरला. दोन हजार सतरा, डिसेंबर. दोन हजार नऊ, नोव्हेंबर. पानं मागे मागे जात राहिली आणि एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरवर थांबली.

"या वादळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी म्हातारी माणसं शोधत फिरायचो. तेव्हा तरुण होतो, शहाणाही फार होतो. मीराबाईंना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, वारा कुठल्या दिशेचा होता? किती वाजता फिरला? त्या सांगेनात. नुसत्या गात होत्या. मी परत विचारलं, त्या परत गायल्या. चिडलो मी. दोन ओळी लिहिल्या, आणि खाली हे बघा."

मनुबाईला वाचता यायचं, पण चष्मा नव्हता. त्यांनीच वाचून दाखवलं.

"'डोंगराचा वारा गो, धावत आला. दर्याचा वारा गो, आडवा झाला.' पुढे लिहिलंय, 'न सापडलेल्यांसाठी पाट? वाऱ्याला आवतण? तपशील नाही.' आणि खाली लाल शाईनं, निरुपयोगी."

तो शेवटचा शब्द त्यांनी हळू वाचला.

"वारा आधी डोंगराकडून आला, मग दर्याकडून फिरला. बाई दिशाच तर सांगत होत्या, मनुबाई. मलाच ऐकता आलं नाही. आणि पाटाचं काय ते मी विचारलंच नाही. मला वाटलं, लग्नाचं काहीतरी असेल, वाऱ्याचं नाही."

मनुबाईनं वहीच्या पानावर बोट ठेवलं. बोटाला खवलं चिकटलेलं होतं, ते कागदावर चमकत राहिलं.

"भाऊ, वही दोन दिस देवाल?"

"घेऊन जा. आणि आजचं पापलेट..."

"आजचं पापलेट माज्याकडनं. गप ऱ्हावा."

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव सजला. आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खुंट, कोपऱ्यात बाजावाल्यांची खोकी. खाडीकडून ओला खारा वास येत होता. आवडाबाई चटईवर पाय पसरून बसली आणि भाविकानं तिला वहीतल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, त्या स्वानंदरावांनी कशा मिळवल्या तेही सांगितलं.

म्हातारीनं डोळे मिटले, उघडले.

"मीराबाय गायची. अठ्ठेचालीसच्या वादलात तिचा भाव नाय आला. मी ल्हान व्हते. ऐकलंय मी ह्ये."

"पुढचं म्हणा ना मग, आजी!"

"नाय आठवत."

"असं काय करता!"

"पोरी, गानं काय पेटीत ठेवलेलं लुगडं हाय? काढलं नि नेसलं?" आवडाबाई तापली. "तुज्या आयशीच्या त्या भावानं मीराबायला खुरचीवर बसवली. खुरचीवर गानं येतंय काय? हात रिकामा, गला रिकामा. मुसल आना. हलद टाका उखलात."

उखळ आलं. हळकुंडं पडली. दोघी बायका समोरासमोर उभ्या राहिल्या, एक मुसळ वर, एक खाली. धप्प, धप्प. आवडाबाई आपल्या जागेवरून उठली, एकीच्या हातातलं मुसळ तिनं स्वतः घेतलं. ऐंशीच्या पुढचे हात, पण मुसळाला वय दिसत नाही. तिनं गणपतीला आवतण धाडलं. गावदेवीला धाडलं. हळकुंडं फुटायला लागली, पिवळा धुरळा बायकांच्या पापण्यांवर बसला. पितरांची नावं आली, सासरा, आजेसासरा, त्याचा बापूस. जित्यांची नावं आली. दोन्ही पंगती बसून झाल्या. मुसळ थांबलं नाही.

धप्प, धप्प.

आणि मग त्या ठेक्यातूनच, जाळ्यातून मासा वर यावा तसा, सूर वर आला. आधी वहीतल्या दोन ओळी. मग वहीत नसलेल्या.

डोंगराचा वारा गो, धावत आला
दर्याचा वारा गो, आडवा झाला
मेल्यांच्या पंगतीला नाय बसला
जित्यांच्या पंगतीला नाय दिसला
त्याला आवतान धाडा वाऱ्याच्या हाती
वाऱ्याला मांडा पाट मांडवाच्या राती
वाऱ्या रे वाऱ्या, तू एकला नको येव
ज्याला नेलास रे, त्याला संगं घेवन येव

मुसळ थांबलं. आवडाबाई घामानं आणि हळदीनं पिवळी झालेली.

"हीच ती तिसरी पंगत," ती धापा टाकत म्हणाली. "इसरले व्हते मी. इतक्या वर्सांत कवा कोनी मागितली नाय, म्हनून इसरले. आता नाव कोनाचं घेऊ, ते तू सांग, मनू. मी नाय सांगनार."

मनुबाई चुलीजवळ उभी होती. तिनं दोन्ही हातांतल्या एकेका बांगडीकडे बघितलं. सोळा वर्षं तिला वाटायचं की ती कुठंतरी दाराच्या उंबऱ्यावर उभी आहे, ना आत, ना बाहेर. आणि इथं तर उंबऱ्यावरच्या माणसासाठी जुन्या बाईनं पाट मांडून ठेवलेला, पाऊणशेहून जास्त वर्षांपूर्वी.

ती आत गेली. फळीवरून शिसवीचा पाट काढला. गोमाजी जेवायला बसायचा तोच. पदरानं पुसला. बाहेर येऊन मांडवाच्या खाडीकडच्या बाजूला, जिथून वारा येतो तिथं, मांडला. पाटावर एक विडा ठेवला, एक सुपारी.

"गोमाजी," ती म्हणाली. "गोमाजीचं घे."

आवडाबाईनं परत मुसळ उचललं आणि नाव घेऊन ती ओळ गायली. भाविकानं तोंडावर ओढणी धरली होती. हळद लागायच्या आधीच तिचा चेहरा ओला झाला होता.

पाटासमोर पान वाढलं. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. वाढायला दर्शन आला. मांडवाच्या मागच्या बाजूनं, मान खाली घालून. गोमाजीचा धाकटा भाऊ, आता अडतीस वर्षांचा, केस अर्धे पिकलेले. वादळातून परत आला तेव्हापासून तो वहिनीच्या दारात यायचा, गॅसचा सिलिंडर उचलून द्यायचा, कौलं शाकारायचा, पण तिच्या डोळ्यांत बघायचा नाही. तिनंही त्याला कधी विचारलं नव्हतं की त्या दिवशी बोटीवर काय झालं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग उंबऱ्यावर उभं राहता आलं नसतं.

आज ती पाटाजवळ बसली होती. तिनं विचारलं.

"दर्शन. शेवटी काय बोल्ला तो?"

दर्शननं हातातली पळी पातेल्यात ठेवली.

"वहिनी, नको."

"सांग. पाट मांडलाय आता. बसलाय तो. त्याच्या म्होरं सांग."

"बोट उलटली तवा प्लास्टिकचा डरम एकच व्हता," दर्शन म्हणाला. "दादानं तो मना दिला. म्हनला, धर, सोडू नको. तो फलीला धरून व्हता, जवलच, दिसत व्हता मना. मंग वरडून काय तरी बोल्ला. मी ऐकलं. पन सांगायला लाज वाटली, वहिनी. सोला वर्सं लाज वाटली. लोक विचारायचे, काय बोल्ला, देवाचं नाव घेतलं काय, पोरीचं घेतलं काय. काय सांगू मी?"

"काय बोल्ला?"

"बोल्ला, मनूला सांग, पावसाचा भरवसा नाय, म्हावरा आत घे."

मांडवात क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मनुबाईच्या तोंडून एक आवाज आला. बायका धावल्या, त्यांना वाटलं रडते आहे. ती हसत होती. पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, दोन्हीचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं.

"अरं मुडद्या, तू चौथ्या दिसाला घरला आलास! तू येवन सांगनार, मंग मी म्हावरा आत घेनार? तवर सगला सडला असता!"

दर्शनही हसला. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या डोळ्यांत बघून हसला, आणि हसता हसता खाली बसला.

मनुबाई पाटाकडे वळली. नवऱ्याशी बोलावं तसं, जेवताना, साधं.

"घेतला व्हता रे मी आत. आदल्या दुपारलाच घेतला. एक बोंबील नाय भिजला."

खाडीकडच्या खांबाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर स्वानंदराव बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. मनुबाईनं हळदीच्या हातानं त्यांच्याकडे बोट केलं.

"ह्या भावानं सांगितलेलं," तिनं पाटाला सांगितलं. "म्हनून घेतला. नायतर तुज्या शब्दाला मी काय उत्तर दिलं असतं?"

मग ती उठली, वाटीतली पहिली हळद घेतली आणि भाविकाच्या गालाला लावली. मागे बायकांनी नवा धवला गायला घेतला. दर्शन पाटासमोरच्या पानाशेजारी दुसरं पान मांडून जेवायला बसला. स्वानंदराव बिचकत उठले, वही मागितली, खिशातलं पेन काढलं आणि एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या पानावरचा लाल शब्द खोडला. त्याच्या जागी काय लिहावं, हे त्यांना सुचलं नाही. शेवटी त्यांनी वही आवडाबाईपुढे धरली आणि म्हणाले, "आजी, पुढच्या ओळी परत सांगता? हळू. मी लिहून घेतो."

"बसून नाय सांगनार," आवडाबाई म्हणाली. "मुसल धर."

आणि हवामान खात्यातल्या त्या निवृत्त माणसानं बाह्या वर सरकवल्या.